दीड ओहमचा प्रश्न

मोटारगाडी पेट्रोलवर चालते असे आपण सहज म्हणून जातो. पण पेट्रोल नुसते टाकीत असून भागत नाही. ते हवेत मिसळून सिलिंडरमध्ये जावे लागते आणि तेथे नेमक्या क्षणी पेटावे लागते. हा नेमका क्षण साधणारी जी ठिणगी, तिचे जन्मस्थान म्हणजे इग्निशन कॉइल. बॉनेट उघडले की एका बाजूला पट्टीने आवळून बसवलेला, वाटीभर दूध मावेल एवढा काळा किंवा चंदेरी दंडगोल डबा दिसतो, तोच हा कॉइल. याला ना फिरणारा भाग, ना आवाज. त्यामुळे त्याच्याकडे कोणी लक्ष देत नाही. गाडी बंद पडली की आधी पेट्रोल पाहतात, मग प्लग पुसतात, मग बॅटरीला दोष देतात. कॉइलची पाळी सर्वांत शेवटी येते.

कंपनीत तयार झालेल्या गाडीत या दुर्लक्षाने फारसे बिघडत नाही. कारण कॉइल, तारा, स्विच या सर्वांचा मेळ कारखान्यातल्या अभियंत्यांनी आधीच बसवलेला असतो. प्रश्न येतो तो आपण स्वतः जुळवलेल्या गाडीत. एका गाडीचे इंजिन, दुसरीचा कॉइल, तिसरीचा स्टार्टर आणि बाजारातून आणलेली नवी कोरी तार, असा हा आंतरजातीय विवाह असतो. वरपक्ष आणि वधूपक्ष दोन्ही चांगले असतात, पण एकमेकांची रीत ठाऊक नसते. मग जे खटके उडतात त्यांचा उलगडा भौतिकशास्त्राच्या पहिल्या वर्षात शिकलेल्या ओहमच्या नियमाने कसा होतो, ते या लेखात सांगावयाचे आहे.

मी पदार्थविज्ञान शिकवतो. मोटार दुरुस्ती हा माझा धंदा नव्हे. परंतु आमच्याकडील पाच विद्यार्थ्यांनी मिळून एक उघडी चारचाकी तयार करायला घेतली, आणि तिच्या विजेच्या जोडणीत गुंता झाल्यावर ती मंडळी प्रयोगशाळेत माझ्याकडे आली. पाइप वाकवून व वेल्ड करून केलेला सांगाडा, त्यावर जुन्या अँबॅसडरचे १४८९ घन सेंटिमीटरचे पेट्रोल इंजिन, आणि जुन्या सामानाच्या एका दुकानातून आणलेला कॉइल. पाचांपैकी तिघे मराठी बोलणारे, दोघे कन्नड. भांडण झाले तरी ते तारांच्या रंगांवरून व्हायचे, भाषेवरून नव्हे. ओहमला मराठीत ओहमच म्हणतात आणि कन्नडमध्येही ओहमच.

कॉइलच्या पोटात काय असते?

कॉइल म्हणजे एक रोहित्र, ट्रान्सफॉर्मरच. लोखंडी पत्र्यांच्या गाभ्यावर दोन वेटोळी असतात. प्राथमिक वेटोळे जाड तारेचे, काहीशे फेऱ्यांचे. दुय्यम वेटोळे केसासारख्या बारीक तारेचे, हजारो फेऱ्यांचे. फेऱ्यांचे प्रमाण साधारण एकास शंभर धरावे. बॅटरीचा प्रवाह प्राथमिक वेटोळ्यातून डिस्ट्रिब्यूटरमधल्या पॉइंटांवर जातो व तेथून इंजिनच्या धडात, म्हणजे अर्थला. पॉइंट मिटलेले असतात तेव्हा प्रवाह वाहतो, गाभ्यात चुंबकीय क्षेत्र उभे राहते. डिस्ट्रिब्यूटरचा कॅम फिरून पॉइंट उघडतो तेव्हा प्रवाह एकदम तुटतो, क्षेत्र कोसळते आणि दुय्यम वेटोळ्यात प्रचंड दाब निर्माण होतो. तोच जाड रबरी तारेतून प्लगपर्यंत जाऊन तेथील सुमारे ०.६ मिलिमीटरची फट ओलांडतो.

येथे परीक्षेतला एक नेहमीचा सापळा आहे. बारा व्होल्टला शंभराने गुणले तर बाराशे व्होल्ट होतात. दाबलेल्या वायूतील फट ओलांडायला बाराशे व्होल्ट पुरत नाहीत; हजारांच्या घरातले, प्रसंगी दहा-पंधरा हजार व्होल्ट लागतात. मग ते येतात कोठून? उत्तर असे की, दाब हा बॅटरीच्या व्होल्टवर नव्हे, तर क्षेत्र किती वेगाने कोसळते यावर अवलंबून असतो. मायकेल फॅरडेने १८३१ मध्ये दाखवून दिलेले प्रवर्तनाचे तत्त्व ते हेच. पॉइंट उघडताना प्राथमिक वेटोळ्यातच दोनशे-तीनशे व्होल्टचा झटका उठतो. त्याला शंभराने गुणा, म्हणजे वीस-तीस हजारांचा हिशेब लागतो.

पॉइंटांना समांतर जोडलेला छोटा कंडेन्सर, साधारण ०.२ मायक्रोफॅरडचा, हे काम साधून देतो. तो नसेल तर प्रवाह उघडत्या पॉइंटांमधूनच ठिणगीच्या रूपाने वाहत राहील. पॉइंट जळतील आणि क्षेत्र सावकाश कोसळल्याने प्लगवर काहीच पोचणार नाही. कंडेन्सर त्या प्रवाहाला क्षणभर बसायला जागा देतो, म्हणून तुटणे स्वच्छ होते.

ही कल्पना मोटारीपेक्षा जुनी आहे. आयर्लंडमधील मेनूथ येथे शिकवणाऱ्या निकोलस कॅलन या धर्मगुरूने १८३६ मध्ये प्रवर्तन वेटोळे तयार केले. पुढे पॅरिसमध्ये रूमकॉर्फने त्याला सुबक रूप दिले. लेन्वारच्या १८६० च्या गॅस-इंजिनात ठिणगीसाठी तेच वापरले गेले. आज आपण ज्याला पॉइंट-कॉइलची पद्धत म्हणतो ती अमेरिकेतील चार्ल्स केटरिंगची. त्याने व एडवर्ड डीड्सने डेटन येथे १९०९ मध्ये डेल्को ही कंपनी काढली आणि १९१० च्या मॉडेलच्या कॅडिलॅक गाड्यांना ही पद्धत बसली. पुढची साठ-सत्तर वर्षे जगातल्या बहुतेक पेट्रोल गाड्या याच तत्त्वावर धावल्या.

रोध हा शत्रू की मित्र?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. पॉइंट मिटलेले असताना प्राथमिक वेटोळ्यातून किती प्रवाह जाईल? ओहमचा नियम सांगतो: दाब भागिले रोध. बारा व्होल्टच्या साध्या कॉइलच्या प्राथमिक वेटोळ्याचा रोध सुमारे ३ ओहम असतो. इंजिन चालू असताना जनित्रामुळे गाडीतला दाब बारा नव्हे, चौदाच्या आसपास असतो. १४ भागिले ३, म्हणजे सुमारे ४.७ अँपिअर. एवढा प्रवाह पॉइंटांना सोसतो आणि ठिणगीलाही पुरतो.

पण सर्व कॉइल ३ ओहमचे नसतात. दुसऱ्या जातीच्या कॉइलचे प्राथमिक वेटोळे दीड ओहमच्या आसपासचे असते. तो एकटा वापरायचाच नसतो. त्याच्याबरोबर एकसर जोडणीत आणखी सुमारे दीड ओहमचा एक रोधक घालायचा असतो. याला बॅलास्ट म्हणतात. जहाज डोलू नये म्हणून त्याच्या तळाशी जे वजन भरतात त्याला इंग्रजीत बॅलास्ट म्हणतात, तोच हा शब्द. दीड आणि दीड मिळून तीन ओहम, प्रवाह पुन्हा ४.७ अँपिअर.

कोणीही चौकस विद्यार्थी येथे विचारील की, एकाच डब्यात तीन ओहम घालता येत असताना दीड आत आणि दीड बाहेर हा द्राविडी प्राणायाम कशासाठी? कारण आहे, आणि ते समजले की सर्व जोडणी समजते.

स्टार्टर फिरताना बॅटरीतून शंभर अँपिअरहून अधिक प्रवाह ओढला जातो आणि तिचा दाब बारावरून साडेनऊपर्यंतसुद्धा खाली येतो. म्हणजे इंजिन थंड, तेल घट्ट, मिश्रण ओले आणि ठिणगीची गरज सर्वांत मोठी, नेमक्या त्याच वेळी कॉइलला दाब सर्वांत कमी मिळतो. ३ ओहमच्या साध्या कॉइलला या वेळी ९.५ भागिले ३, म्हणजे सुमारे ३.२ अँपिअर मिळतात. पण दीड ओहमच्या कॉइलचा बॅलास्ट तेवढ्यापुरता वगळून बॅटरी सरळ कॉइलला दिली, तर ९.५ भागिले १.५, म्हणजे ६.३ अँपिअर मिळतात. जवळजवळ दुप्पट. कॉइलमध्ये साठणारी ऊर्जा प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, त्यामुळे फरक दुपटीवर थांबत नाही. इंजिन चालू झाले, किल्ली सोडली की बॅलास्ट पुन्हा मध्ये येतो आणि प्रवाह आवरतो. संकटकाळी मोकळीक, एरवी लगाम, अशी ही व्यवस्था आहे. अमेरिकेतल्या गाड्या १९५५ च्या सुमारास सहा व्होल्टवरून बारा व्होल्टवर आल्या, तेव्हापासून ती तेथे सर्वत्र रूढ झाली.

दुसरा फायदा वेगाचा. वेटोळ्यातला प्रवाह एका क्षणात पूर्ण भरत नाही, चढत जातो. किती वेगाने चढेल हे प्रवर्तकता भागिले एकूण रोध यावर ठरते. ८ मिलिहेन्री व ३ ओहम असेल तर ही कालमर्यादा सुमारे २.७ मिलिसेकंद. दीड ओहमच्या कॉइलला फेरे कमी, म्हणून प्रवर्तकताही कमी. ती ५ मिलिहेन्री धरली आणि बॅलास्टसह एकूण रोध ३ ओहमच राहिला, तर ती १.७ मिलिसेकंदांवर येते. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ४००० फेरे घेत असेल तर सेकंदाला १३३ ठिणग्या लागतात. म्हणजे दोन ठिणग्यांत अवघे साडेसात मिलिसेकंद, आणि त्यांतले पॉइंट मिटलेले राहतात ते सुमारे पाच. एवढ्या घाईत जो कॉइल लवकर भरतो तो कामाचा.

बॅलास्ट हरवतो कसा?

आमच्या विद्यार्थ्यांच्या गाडीचे लक्षण असे होते: सकाळी एका किल्लीत सुरू व्हायची, पंधरा-वीस मिनिटे उत्तम चालायची, मग धक्के देऊ लागायची आणि बंद पडायची. अर्ध्या तासाने पुन्हा जणू काही झालेच नाही अशी सुरू. पंधरा दिवसांत पॉइंटांचे तीन संच जळाले होते. पॉइंट निळसर पडून त्यांवर खड्डे आलेले. कंडेन्सर दोनदा बदलला होता.

उद्यमबागेतल्या एका जुन्या मोटार-वायरिंग मिस्त्रींना मुलांनी बोलावून आणले. त्यांनी मीटर काढला नाही. इंजिन थोडा वेळ चालू ठेवले आणि कॉइलवर पंजा ठेवून लगेच काढला.

"मामा, कॉइल खराब आहे का?" एकाने विचारले.

"कॉइल चांगला हाय की. तुम्ही त्याला खायला जास्त घालतायसा. हाताला सोसत नाही एवढा तापला, म्हणजे करंट जास्त."

मामांचे निदान बरोबर होते. ते आकड्यांत मांडणे एवढेच माझे काम. डब्यावरचा रंग खरडून पाहिल्यावर पुसट अक्षरे सापडली. हा कॉइल बाहेरच्या रोधकासह वापरावा, अशी ती सूचना होती. प्राथमिक वेटोळ्याचा रोध मोजला, तो दीड ओहम निघाला. गाडीत बॅलास्ट कोठेच नव्हता. म्हणजे १४ भागिले १.५, तब्बल ९.३ अँपिअर.

आता उष्णतेचा हिशेब करा. वेटोळ्यात होणारी उष्णता प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध एवढी. बॅलास्टसह: ४.७ चा वर्ग गुणिले १.५, सुमारे ३३ वॅट. बॅलास्टविना: ९.३ चा वर्ग गुणिले १.५, सुमारे १३० वॅट. प्रवाह दुप्पट, उष्णता चौपट. चार सिलिंडरच्या डिस्ट्रिब्यूटरमध्ये पॉइंट साधारण दोन-तृतीयांश वेळ मिटलेले असतात. म्हणून सरासरी काढली तर २२ वॅट आणि ८७ वॅट. वाटीएवढ्या बंद डब्यात ८७ वॅट म्हणजे आत जुन्या पद्धतीचा एक मोठा दिवा पेटवून ठेवण्यासारखेच झाले. आतले तेल तापते, तारेवरचे रोगण मऊ पडते, फेऱ्याफेऱ्यांत गळती सुरू होते आणि ठिणगी मरते. डबा निवला की काही काळ पुन्हा चालतो. लक्षणाचा सर्व अर्थ यात आला.

यात एक गंमत लक्षात घेण्यासारखी आहे. कॉइल सर्वांत जास्त तापतो तो जोरात धावताना नव्हे, तर गाडी उभी राहून इंजिन संथ चालत असताना. कारण तेव्हा पॉइंट मिटल्यावर प्रवाह पूर्ण भरायला आणि भरलेला राहायला भरपूर वेळ मिळतो. आणि त्याहूनही वाईट म्हणजे इंजिन बंद, किल्ली मात्र चालू. त्या वेळी पॉइंट मिटलेल्या जागी थांबले असतील तर प्रवाह अखंड वाहतो. रेडिओ ऐकण्यासाठी किल्ली चालू ठेवून बसणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

पण मूळ गाडीत बॅलास्ट होता, तर तो गेला कोठे? काही गाड्यांत, उदाहरणार्थ क्रायस्लरच्या अनेक मॉडेलांत, तो चिनी मातीच्या पांढऱ्या तुकड्यात बसवलेला असतो व डोळ्यांना दिसतो. पण फोर्डच्या व कित्येक ब्रिटिश गाड्यांत तो वेगळा नसतोच; स्विचपासून कॉइलपर्यंत जाणारी तारच विशेष रोधाची असते. दिसायला ती इतर तारांसारखीच. स्वतः गाडी जुळवणारा माणूस जुन्या, तडकलेल्या तारांचा जुडगा काढून फेकतो, तांब्याची नवी जाड तार मोठ्या हौसेने घालतो आणि तेवढ्याने बॅलास्ट कचऱ्यात जातो. एक चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरला सुमारे ०.०१७ ओहम. तिच्यातून दीड ओहम मिळवायचे तर ८७ मीटर तार गुंडाळावी लागेल. तेवढ्याच जाडीच्या नायक्रोमची मात्र सव्वा-दीड मीटर पुरते. तारेकडे पाहून रोध कळत नाही, तो मोजावाच लागतो.

उलट प्रकारही घडतो. ३ ओहमचा साधा कॉइल घ्यावा आणि जुन्या जोडणीतला बॅलास्ट मध्ये राहून जावा. मग एकूण रोध साडेचार ओहम. काहीच जळत नाही, काहीच तापत नाही, म्हणून संशयही येत नाही. पण बारा व्होल्टला प्रवाह २.७ अँपिअर, आणि बॅलास्ट वगळण्याची सोय नसेल तर स्टार्टर फिरताना अवघा २.१. चार अँपिअरच्या तुलनेत ही ऊर्जा जेमतेम पाव हिस्सा. गाडी सकाळी रुसते, चढावर धाप टाकते आणि मालक कार्बुरेटर खोलत बसतो.

वळणाची तार आणि तिचा विश्वासघात

मुलांनी बॅलास्ट आणून बसवला. कॉइल कोमट राहू लागला, पॉइंट टिकू लागले. पण सकाळची सुरुवात जड झाली. तेव्हा स्टार्टर फिरताना बॅलास्ट वगळणारी तार घालायचे ठरले. त्यांनी ती स्टार्टरच्या सोलेनॉइडवरील मोटारीकडच्या जाड बोल्टपासून कॉइलच्या धन टोकापर्यंत ओढली. विचार सरळ होता. स्टार्टर फिरतो तेव्हाच त्या बोल्टवर बॅटरीचा दाब येतो, तोच कॉइलला मिळेल.

परिणाम विचित्र झाला. किल्ली फिरवली की इंजिन झटक्यात पेट घ्यायचे आणि किल्ली सोडली की त्याच क्षणी बंद. शिवाय बॅलास्ट लालभडक.

हे कोडे मी वर्गात फळ्यावर घातले होते. वाचकांनीही पुढे वाचण्यापूर्वी क्षणभर विचार करावा. स्टार्टर फिरताना सर्व ठीक आहे. पण किल्ली सोडल्यावर त्या बोल्टवर बॅटरीचा दाब उरत नाही. उरते ती स्टार्टर मोटारीची जाड तांब्याची गुंडाळी, जिचा रोध नगण्य आणि जिचे दुसरे टोक अर्थला. आता स्विचमधून आलेला प्रवाह बॅलास्ट ओलांडून कॉइलच्या टोकाशी पोचतो आणि पाहतो तो दोन वाटा: एक कॉइलमधून दीड ओहमची, दुसरी उलट दिशेने आपल्याच वळणाच्या तारेतून स्टार्टरमार्गे अर्थला, जवळजवळ शून्य ओहमची. प्रवाह कोणती वाट धरणार हे सांगायला नको. कॉइल उपाशी आणि बॅलास्टवर पूर्ण दाब, तो तापणारच. तार एकच, पण तिच्यातून प्रवाह दोन्ही दिशांनी जाऊ शकतो, हे विसरले की असे होते.

उपाय दोन. एक, ज्या सोलेनॉइडला कॉइलसाठी वेगळे, फक्त स्टार्टर चालू असतानाच जोडले जाणारे छोटे टोक असते तो वापरावा. बॅलास्टच्या बऱ्याच गाड्यांत तो असतो. दोन, तसा नसेल तर वेगळा रिले घालावा. पुरेशा अँपिअरचा डायोड घातला तरी प्रवाह एकाच दिशेने जातो. मात्र डायोडवर थोडा दाब खर्च होतो, हे धरून चालावे. आमच्या गाडीत रिले बसला आणि तक्रार मिटली.

या उदाहरणावरून एक निदानसूत्र हाती लागते. स्टार्टर फिरताना इंजिन पेटते आणि किल्ली सोडताच बंद पडते, अशा वेळी पेट्रोल पाहत बसू नये. बॅलास्टची वाट तुटली आहे किंवा तिचा प्रवाह दुसरीकडे पळतो आहे, असे समजून तेथेच शोध घ्यावा.

मोजायचे कसे?

एक-दीड ओहम मोजणे वाटते तितके सोपे नाही. स्वस्त मल्टिमीटरच्या तारांचाच रोध ०.२ ते ०.४ ओहम भरतो. आधी दोन्ही टोके एकमेकांना टेकवून तो पाहावा आणि वाचनातून वजा करावा. त्याहून खात्रीचा मार्ग प्रयोगशाळेतला. बॅटरी, मोटारीचा ५५ वॅटचा दिवा, अँमीटर आणि कॉइलचे प्राथमिक वेटोळे एकसर जोडावे, व्होल्टमीटर कॉइलच्या दोन टोकांना लावावा. अँमीटर साडेतीन आणि व्होल्टमीटर सव्वापाच दाखवीत असेल, तर ५.२५ भागिले ३.५, रोध १.५ ओहम. दिव्यामुळे प्रवाह आपोआप आवरलेला राहतो. हे मोजमाप कॉइल थंड असताना करावे. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो, त्यामुळे ८० अंशांवरचा दीड ओहमचा कॉइल १.८ ओहमचा भासतो. दुय्यम वेटोळ्याचा रोध मात्र हजारांत, बहुधा सहा ते बारा हजार ओहम असतो. तो अनंत दाखवला तर आत तार तुटली आहे.

मोजताना जोडणी सोडवाल तेव्हा दोन्ही हात टोकांवर ठेवू नका. बारा व्होल्टचीच बॅटरी असली तरी प्रवाह तुटताना प्राथमिक टोकांवरही शेकडो व्होल्ट उठतात, हे वर आलेच आहे. प्लगच्या तारेचा झटका तर माणसाला इंजिनवर किंवा पंख्यावर ढकलून देतो. बॅलास्ट चालू असताना गरम असतोच. तो धातूच्या पत्र्यावर, पेट्रोलच्या नळीपासून व इतर तारांपासून दूर बसवावा.

आणखी एक इशारा आजच्या काळासाठी. हल्लीच्या मोटारींत पॉइंट नाहीत. प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असतो, त्याचा प्राथमिक रोध एक ओहमहून कमी, कित्येकदा अर्ध्या ओहमच्या आसपास असतो, आणि प्रवाह केव्हा सुरू करायचा व केव्हा तोडायचा हे संगणक ठरवतो. "नवा कॉइल जोरदार" म्हणून तो जुन्या पॉइंटांच्या इंजिनाला लावला तर प्रवाह वीस अँपिअरच्या पुढे जाईल आणि पॉइंट पाहता पाहता जळतील. आणि डिझेलच्या जीपमध्ये कॉइल शोधू नये. तेथे नुसत्या दाबाच्या उष्णतेने इंधन पेटते.

शेवटी दोन शब्द

अशी घरची गाडी रस्त्यावर आणता येते का, हे पालक मला विचारतात. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाने गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करण्यास मनाई आहे, आणि २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने ही गोष्ट अधिकच स्पष्ट केली. आमची गाडी मैदानाच्या कुंपणाबाहेर जात नाही. तिचा उपयोग शिकण्यासाठी, आणि तेवढा पुष्कळ आहे.

कंपनीच्या गाडीबरोबर एक पुस्तिका येते. कोणती तार कोठे जाते, कोठे किती ओहम हवेत, हे तिच्यात लिहिलेले असते. स्वतः जुळवलेल्या गाडीची पुस्तिका जगात कोठेही मिळत नाही. ती जुळवणाऱ्याच्या डोक्यात असते, आणि विद्यार्थी तर तीन वर्षांत निघून जातात. म्हणून आमच्या गाडीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला आता एक पत्रा रिव्हेटने ठोकला आहे. त्यावर पांढऱ्या रंगाने जोडणीची आकृती आणि तीन ओळी आहेत: कॉइल १.५ ओहम, बॅलास्ट १.५ ओहम, वळण रिलेमार्गे. एक ओळ मराठीत, तीच खाली कन्नडमध्ये. पुढच्या तुकडीतल्या कोणीतरी हौसेने तारा बदलायला घेतल्या, तर त्याने आधी ते वाचावे, एवढीच अपेक्षा.